दुखते की भेव लागते

माझा डावा खांदा पहिल्यांदा उतरला तो नागपुरातल्या बेसा भागातल्या सिमेंटच्या रस्त्यामुळं. हे रस्ते ज्यानं पाहिले नाहीत त्याला सांगायला हवं, की रस्ता वीतभर उंच असतो, बाजूची माती खाली असते आणि दोघांच्या मधे उतार म्हणून काही नसतो. समोरून पाण्याचा टँकर आला, मी स्कूटी जरा कडेला घेतली, आणि कडा नेमकी तिथंच संपत होती. हात पसरून पडले. उठून बसले तर खांद्याची गोलाई गायब, तिथं एक टोक आलेलं. चार माणसं जमली. त्यातला एक म्हणाला, "म्याडम, खांदा उतरला तुमचा." तेवढं मलाही दिसत होतं, पण मी त्याला "हो ना" म्हटलं.

उतरणं हा शब्द मला त्या दिवशी बरा वाटला होता. ताप उतरतो, सूज उतरते, राग उतरतो. उतरलेल्या गोष्टींचं आपण फारसं मनावर घेत नाही. दवाखान्यात त्यांनी तो चढवून दिला, हात गळ्यात बांधला, आणि काही आठवड्यांनी ती झोळी निघाली तेव्हा मला वाटलं, चला, सुटले. एकदा वाट माहीत झालेला खांदा पुन्हा पुन्हा त्याच वाटेनं निघू बघतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं, कारण त्या दिवसांत मला बाबांशिवाय दुसरं काही ऐकू येत नव्हतं.

बाबांना त्याच्या आदल्या वर्षी लकवा झाला होता. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण थांबलं नाही, आणि डोकं तर पूर्वीइतकंच तल्लख राहिलं, म्हणजे माझ्या प्रत्येक कामात चूक काढण्याइतकं. पाटबंधारे खात्यात जन्म गेला त्यांचा, कालव्याच्या कामावर मजुरांना हाका मारण्यात. तो आवाज आता पलंगावरून येतो. मी लग्न केलं नाही, धरमपेठेतल्या एका शाळेत शिकवते, आणि बाबा माझ्याकडं असतात. दिवसा एक मावशी त्यांच्याजवळ बसते, खाऊ घालते. पण त्यांना उचलणं तिच्यानं होत नाही. सकाळी पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, संध्याकाळी सगळं उलट, ही माझी कामं. माझा हात गळ्यात होता तेव्हा नर्सिंग ब्युरोतून माणसं आणून पाहिली. एकाला बाबांनी घालवलं, एक स्वतःच गेला, आणि एकानं मोबाइल बघता बघता बाबांना अर्धं खुर्चीत नि अर्धं हवेत ठेवलं, तेव्हा मीच त्याला जा म्हटलं.

उचलायची एक पद्धत आहे. आपले गुडघे त्यांच्या गुडघ्यांना लावायचे, हात त्यांच्या पाठीमागं नेऊन गुंफायचे, त्यांनी डावा हात माझ्या मानेवर टाकायचा, आणि "चला" म्हटलं की दोघांनी एकदम उठायचं. उठलं की ते आपल्या मेलेल्या बाजूला कलतात. ते माझ्यासमोर असल्यामुळं त्यांची उजवी म्हणजे माझी डावी. म्हणजे सगळा भार त्याच खांद्यावर. देवाला एवढा हिशोब करायला कसा वेळ मिळतो कोण जाणे.

खांदा पूर्ण निघत नसे. निघू निघू करायचा. ओढणी मागं टाकताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना, आणि उन्हाळ्यात सगळ्यात जास्त म्हणजे कूलर भरताना. आमचा कूलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आहे, नळाला दुपारी पाणी नसतं, मग बादली खांद्याच्या वर नेऊन मागच्या बाजूनं ओतावी लागते. हात वर जाऊन जरा मागं वळला की आत काहीतरी सरकायचं आणि मी बादलीसकट थांबायचे. मग हळूच हात खाली घ्यायचा. दुखायचं असं नाही. काय व्हायचं ते मला सांगता येत नसे, म्हणून कोणी विचारलं तर मी "दुखते" म्हणायचे. आमच्या घरात सगळ्याच गोष्टींना हा एक शब्द पुरतो.

एकदा तो बाबांना उचलतानाच सरकला. मी त्यांना गुडघ्यानं पलंगाला दाबून धरलं आणि आम्ही दोघंही गादीवर कोसळलो. बाबांनी विचारलं, "काय झालं वं?" मी म्हटलं, "फरशी ओली होती." त्यांनी फरशीकडं पाहिलं. फरशी कोरडी ठाक होती, पण त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

त्यानंतर मात्र मी दवाखान्यात गेले.

दवाखाना शाळेपासून जवळ, धरमपेठेतच. हाडांचे डॉक्टर तरुण होते, फार सभ्य, आणि बोलणं एकदम पुस्तकातलं. "बसा. काय होतंय आपल्याला?" आपल्याला म्हणजे मला. मी सांगितलं. त्यांनी आधी माझा चांगला हात तपासला. म्हणाले, चांगला कसा हलतो ते कळल्याशिवाय वाईटाचं काय ते कळत नाही. अंगठा मनगटाकडं वाकवून पाहिला, कोपर मागं जातं का पाहिलं, दोन्ही खांदे उघडे करून आरशासमोर उभं केलं. मग एका हातानं खांद्याचं हाड धरून दुसऱ्या हातानं दंडाचं टोक पुढं मागं सरकवून पाहिलं. पन्नाशी गाठलेल्या बाईला कोणी इतक्या बारकाईनं बघत नाही, त्यामुळं मला एकीकडून संकोच आणि एकीकडून, खरं सांगायचं तर, बरं वाटत होतं.

मग त्यांनी मला आडवं झोपवलं. दंड बाजूला, कोपर काटकोनात, आणि पंजा हळूहळू मागं. चेंडू फेकायला हात जसा मागं जातो तसा. त्या जागी आल्यावर आत ते सरकू लागलं. डॉक्टर माझ्या चेहऱ्याकडं बघत होते. त्यांनी विचारलं, "दुखतंय?"

"नाही," मी म्हटलं, कारण दुखत नव्हतं.

"भीती वाटतेय का?"

आता यात माझी काय चूक? आयुष्यात मला हा प्रश्न सुई टोचताना आणि दात काढतानाच विचारला गेला होता. मला वाटलं, डॉक्टर मला धीर देताहेत. बाई एकटी आलीय, घाबरली असेल. मी हसले आणि ठसक्यात म्हटलं, "नाही हो, भीती कसली?" आणि दात आवळून तशीच पडून राहिले. त्यांनी आणखी जरासं मागं नेलं, मी आणखी जरासं हसले.

त्यांनी हात खाली ठेवला. सांधा जरा सैल वाटतो, पण तपासणीत फार अस्थिर काही जाणवत नाही, असं म्हणाले. एमआरआय काढून घ्या, व्यायाम लिहून देतो, आणि वजन उचलू नका. मी विचारलं, "किती वजन?" ते म्हणाले, "पाण्याची बादलीसुद्धा नको." बाबांबद्दल मी काही बोलले नाही. बाबा काही वजन नाहीत.

बाहेर येऊन मी उसाचा रस प्यायले. मला आनंद व्हायला हवा होता. फार काही नाही म्हणाले होते, म्हणजे सगळं जसं चाललंय तसं चालणार. आणि नेमकी तीच गोष्ट ऐकून मी रिकामा ग्लास धरून तिथंच उभी राहिले. मी गेले होते कशाला? कोणीतरी एका सुशिक्षित माणसानं ठामपणे सांगावं, की बाई, तुमच्यानं आता होणार नाही, म्हणून गेले होते. आणि कोणी तसं सांगू नये म्हणूनही गेले होते. मला दोन्ही हवं होतं. इतकी दमले होते मी, की मला काय हवं तेही मला नीट ठरवता येत नव्हतं.

कारण माझ्यानं होणार नाही म्हणजे पुणे. दादा पुण्याला असतो. लिफ्टचं घर आहे, वहिनी घरी असते, खाली सोसायटीत नर्सिंगवाले राहतात. माणूस वाईट नाही. रोज व्हिडिओ कॉल करतो आणि मोबाइल कसा धरायचा ते मला शिकवतो. लकव्यानंतर तो बाबांना एक महिना घेऊन गेला होता. बाबा तिथून परतले ते अर्धे होऊन. नातवंडं त्यांच्या 'मले' आणि 'तुले'ला हसायची, लाडानंच, पण बाबांनी हळूहळू बोलणंच बंद केलं. इथं खिडकीतून येणारा जाणारा "काय गा काकाजी, जेवण झालं काय?" असं ओरडून जातो, भाजीवालासुद्धा. तिथं सातव्या मजल्यावर खिडकीशी कोण येणार? नागपूर स्टेशनात गाडी लागली तेव्हा बाबांनी प्लॅटफॉर्मवरच्या हमालाशी विनाकारण भांडण काढलं आणि त्यांचा चेहरा फुलला. त्या दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं, की मले आता इथून हलवशील तं चौघांच्या खांद्यावरूनच. दादा तेवढ्यासाठी विमानानं येईल हे मला माहीत आहे. तो शेवटचा खांदा मुलाचा असतो. मधला रोजचा कोणाचा, याचा उल्लेख कुठं नसतो.

तर मी व्यायाम करत राहिले, एमआरआय उद्यावर ढकलत राहिले, आणि बाबांना उचलत राहिले.

बाबांचा व्यायाम घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी घरी येते. वर्ध्याकडची, बोलायला मोकळी, बाबांना रागवायला न घाबरणारी. लकव्यात खांद्याचे स्नायू ढिले पडतात आणि हाताच्या वजनानं दंड आपल्या खोबणीतून खाली ओघळतो. बाबांचंही तसंच झालंय. खांद्याच्या हाडाखाली एक पोकळी दिसते. ही मुलगी आली की आधी तिथं बोट घालून पाहते आणि बाबा विचारतात, "भरला का वं खड्डा?" ती म्हणते, "नाही काकाजी." ते म्हणतात, "पावसाळ्याच्या आधी बुजवून दे म्हणजे झालं." दर खेपेला हाच संवाद, आणि दर खेपेला दोघं हसतात.

त्या रविवारी ती आली तेव्हा मी बाहेर कूलर भरत होते. बादली वर नेली, हात मागं वळला आणि थांबले. बादली मी तशीच कूलरच्या डोक्यावर टेकवली, उजव्या हातानं डावा दंड धरला आणि डोळे मिटून उभी राहिले. डोळे उघडले तर ती खिडकीच्या आतून माझ्याकडं बघत होती.

"ताई, काय होऊन राहिलं तुम्हाले?"

"काही नाही, दुखते जरा."

"आत या."

बाबा खुर्चीत बसले होते, व्यायाम व्हायचा होता, पलंग मोकळा होता. ती म्हणाली, झोपा इथंच, मी पाहतो. आमच्याकडच्या मुली पाहतो, करतो असंच म्हणतात. मी म्हटलं, दवाखान्यात दाखवलंय, काही नाही निघालं. ती म्हणाली, "मग माह्या पाहण्यानं काय बिघडते?" बाबा म्हणाले, "झोप ना वं, तुह्या बापाच्याच पलंगावर झोपून राहिली."

आधी तिनं मला बसवलं. हात सैल सोडायला लावला, कोपराच्या वर धरून सावकाश खाली ओढला आणि दुसऱ्या हाताचं बोट खांद्याच्या हाडाखाली ठेवलं. मला काही दिसत नव्हतं. बाबांना मात्र समोरून सगळं दिसत होतं.

"हा तं खड्डा आहे," बाबा म्हणाले.

कोणी हसलं नाही. तिनं हात सोडला, पुन्हा ओढला, पुन्हा पाहिलं. बाबांनी आपल्या खांद्याकडं मान वळवून पाहिलं आणि मग माझ्याकडं.

मग तिनं मला पलंगाच्या कडेला आणून झोपवलं. दंड बाजूला, कोपर वाकवलेलं. डॉक्टरांनी केलं होतं तेच, फक्त फार सावकाश. पंजा मागं जाऊ लागला. ती जागा आली.

"दुखते?"

"नाही."

"मग काय होते? आता निघते असं वाटते? भेव लागते काय, ताई?"

भेव. हा शब्द मी कितीतरी वर्षांत कोणाकडून ऐकला नव्हता. आम्ही शिकलो, शहरात आलो, भेवाची भीती झाली, आणि भीती म्हणजे सुयांची, परीक्षेची, वरिष्ठांची. भेव तसं नसतं. लहानपणी विहिरीच्या काठाशी वाकलं की पोटात जे होतं ते भेव. खांद्यात जे होतं तेही तेच होतं. मी ते इतके महिने दुखते दुखते म्हणत सांभाळत होते, आणि डॉक्टरांनी सरळ नाव घेऊन विचारलं तेव्हा त्याला हसले होते.

पण मला हो म्हणता येईना. समोर बाबा होते. मी छताकडं बघत पडून राहिले.

"लागून राहिलं तिले भेव," बाबा म्हणाले. "तिचा हात पाह्य. सोड वं तिले."

तेव्हा मला कळलं, की मी उजव्या हातानं तिचं मनगट करकचून धरलेलं आहे. तिच्या कातडीवर माझ्या बोटांचे पांढरे ठसे उठले होते.

ती म्हणाली, "सोडतोच काकाजी, एकच पाहू द्या." आणि माझा हात तसाच ठेवून तिनं दुसरा तळवा माझ्या खांद्याच्या समोरच्या बाजूवर ठेवला आणि मागं दाबून धरला. "आता?"

आता काही नव्हतं. हात त्याच जागी, तितकाच मागं, आणि भेव गेलेलं. नुसता एक तळवा समोरून टेकवला होता कोणी. मला रडू आलं. हुंदके वगैरे नाही, डोळ्यांतून पाणी कानात जात राहिलं आणि मी ते पुसायला हात हलवला नाही, कारण हात हलवला तर ती तळवा काढून घेईल असं वाटत होतं. ही तपासणीच आहे, औषध नाही, हे समजत होतं मला. तरी तिनं आणखी थोडा वेळ तसंच ठेवावं एवढीच माझी इच्छा होती. बाबांना लकवा झाल्यापासून मला कोणी असं धरलं नव्हतं.

तिनं सावकाश माझा हात खाली आणला. "या तपासणीत दुखणं विचारतच नाहीत, ताई. हेच विचारतात. डॉक्टरनं विचारलं नाही काय?"

"विचारलं होतं."

"मग?"

"मी नाही म्हटलं."

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं. परत जा, खरं सांगा, एमआरआय काढा. ऑपरेशन म्हटलं तर करून घ्या, पुष्कळ दिवस हात बांधावा लागन, मग व्यायाम मी घेईन. आणि काकाजींना एकटीनं उचलणं आजपासून बंद. "तुमचा खांदा मधात निघाला तं तुम्ही दोघंही पडसान." हे सगळं ती हळू आवाजात सांगत होती, पण आमच्या घरात हळू आवाजाला जागाच नाही. बाबा खिडकीबाहेर बघत ऐकत होते. व्यायामात त्या दिवशी त्यांनी एकदाही खड्ड्याचं विचारलं नाही.

ती गेली. मी जेवण वाढलं. बाबांना भरवलं, त्यांनी भाजीला नाव ठेवलं नाही, तिथंच मला काहीतरी खटकायला हवं होतं. जेवणानंतर त्यांना आडवं व्हायला लागतं. मी नेहमीप्रमाणं त्यांच्यासमोर उभी राहिले, गुडघे लावले, वाकले. त्यांनी डावा हात माझ्या मानेवर टाकला नाही. खुर्चीचा दांडा धरून बसले.

"चला बाबा."

"मी बसतो इथंच."

"पाठ दुखंल."

"दुखू दे. शेजारचे येतीन संध्याकाळी, त्याइले म्हणू." मग म्हणाले, "तुह्या दादाले फोन लाव."

"कायले?"

"लाव म्हटलं ना."

कालव्यावरचा आवाज होता तो. मी फोन लावला. डाव्या हातानं दांडा धरला नाही तर बाबा खुर्चीत कलतात, म्हणून फोन नेहमी मीच त्यांच्या कानाला धरते. दादाचा आवाज मोठा, मला सगळं ऐकू येत होतं. रविवारच्या जेवणानंतरचा, खुशीतला आवाज.

"बोला बाबा! काय म्हणता?"

"मले घेऊन जाय."

दादा म्हणाला, "काय झालं? तिनं काही म्हटलं का तुम्हाला?"

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. मी मानेनं नाही नाही करत होते. कशाला नाही ते मलाही माहीत नव्हतं.

"तिचं काही नाही. ती तं करतेच. मले इथं करमत नाही आता. ऊन लय आहे, दिवसभर कोणी बोलाले नाही. तुह्याकडं हवा चांगली आहे. पोरं आहेत."

सलग इतकं बोलायला त्यांना फार जड गेलं. मधे मधे थांबून त्यांनी ते पूर्ण केलं. खिडकीतून भाजीवाल्यानं नेहमीची हाक मारली, त्याला उत्तर दिलं नाही.

"मी कधीचा म्हणत होतो!" दादा म्हणाला. त्याच्या आवाजात खरा आनंद होता. "बघा, शेवटी पटलं ना तुम्हाला? मी येतो, या शनिवारीच येतो. कायमचं राहायचं हं आता, महिन्यानं परत जातो म्हणायचं नाही."

"नाही म्हणत," बाबा म्हणाले.

फोन माझ्या हातात होता. उजव्या, चांगल्या हातात. तो काढून घ्यायचा आणि एक वाक्य बोलायचं, की दादा, बाबा खोटं बोलताहेत. एवढंच. दादा तिकिटं बघत होता, कोणती गाडी सोयीची, व्हीलचेअर कुठं मिळते, ते मोठ्यानं सांगत होता. बाबा डोळे मिटून ऐकत होते. आणि मी फोन त्यांच्या कानाला नीट धरून उभी राहिले, त्याचं सगळं बोलून होईपर्यंत.